चार सुती बोल्ट आणि लक्ष्मणराव

किर्लोस्कर हे नाव काढले की आपल्या कॉलेजातील निम्म्या मित्रांना संगीत नाटक आठवते आणि उरलेल्या निम्म्यांना विहिरीवरचा पंप. नाटकवाले ते अण्णासाहेब, म्हणजे बळवंत पांडुरंग. पंपवाले ते लक्ष्मण काशिनाथ. दोघे एकाच घराण्यातले, आणि दोघांचा जन्मही बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या एकाच गावचा. अण्णासाहेब १८४३ चे, लक्ष्मणराव २० जून १८६९ चे. घराण्याचे मूळ कोकणातले, आडनावही तिकडच्याच गावावरून पडलेले; पण गुर्लहोसूर हे कन्नड मुलुखातले गाव. त्यामुळे आपल्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र लक्ष्मणरावांना आपले म्हणतात आणि आम्ही मराठी विभागवाले आपले म्हणतो. या वादात मी पडणार नाही. माझ्या घरी मराठी, गल्लीत कन्नड, आणि दोन्हीकडची बाजू घेऊन बोलण्याची मला सवय आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्राशी माझा संबंध एवढाच की गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी खडेबाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात वह्या लिहितो, आणि गिऱ्हाईक वाढले की वही मिटून मालही देतो. दुकानाच्या मागच्या भिंतीला पत्र्याचे लहान लहान खण आहेत. त्यात खिळे, चुका, स्क्रू, बोल्ट, चाक्या, वॉशर, रिव्हेट, छपराच्या पत्र्याला लावायचे जे-हुक, भिंतीत बसवायचे फास्टनर असा सगळा संसार भरलेला असतो. कोणी दीड इंची खिळे मागतो, कोणी मोळे मागतो, कोणी तिरुपु मागतो आणि त्याला स्क्रूच हवा असतो. जो डिसमिस मागतो त्याला नोकरीवरून काढायचे नसते, स्क्रू पिळायचे हत्यार द्यायचे असते. खिळे वजनावर, लाकडी कामाचे स्क्रू ग्रोसवर, म्हणजे एकशे चव्वेचाळीसच्या हिशेबाने. जी.एस.टी.च्या पावतीवर खिळ्यांचा क्रमांक ७३१७ आणि स्क्रू, नट, बोल्ट यांचा ७३१८. घर बांधणारा मनुष्य सिमेंटचा, सळईचा, लाकडाचा खर्च तोंडपाठ सांगतो. या मालाची वेगळी ओळ त्याच्या हिशेबात नसते. ‘किरकोळ’ या सदरात तो सगळा जातो.

लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना मला मात्र हा किरकोळ माल जागोजागी दिसत राहिला. त्यांच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उद्योगमहर्षी, स्वदेशीचे पुरस्कर्ते, आदर्श वसाहतीचे जनक ही विशेषणे आपण शाळेच्या निबंधापासून ऐकतो. मी ती बाजूला ठेवतो आणि दुकानाच्या बाजूने त्यांच्याकडे पाहतो. माझ्यापाशी दुसरी बाजू नाही.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांची आणि यंत्रांची ओढ. अशा मुलाबद्दल घरात काय बोलले जाते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तरी १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तिथे पुढे ध्यानात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाच्या डोळ्यांना रंगांतला फरकच कळू नये, यापेक्षा मोठा खोडा कोणता असणार? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढण्याची विद्या, जिला मेकॅनिकल ड्रॉइंग म्हणतात, ती त्यांनी हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. ही संस्था १८८७ साली निघाली होती, म्हणजे अगदी नवी.

या विद्येचे महत्त्व समजायला थोडे आडवळण घ्यावे लागेल. आपला गावचा सुतार खिडकी करतो तेव्हा त्याच्यापुढे कागद नसतो. तो चौकट मोजतो, त्या चौकटीपुरते दार तासतो, आणि ते दार शेजारच्या चौकटीला बसत नाही. लोहारही तसाच. पूर्वी बोल्टसुद्धा असेच होत. एका कारखान्यातली चाकी दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर चढत नसे. इतकेच नव्हे, तर एकाच यंत्राच्या दोन चाक्यांची अदलाबदल होत नसे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या कारागिराने १८४१ साली यावर उपाय सुचवला. बोल्टच्या आट्यांचा कोन सर्वत्र पंचावन्न अंशांचा असावा, आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचात अमुकच आटे असावेत. अर्ध्या इंचाच्या बोल्टला बारा, तीन अष्टमांश इंचाच्याला सोळा, अशी ही कोष्टके. इंग्रजांच्या आगगाड्यांबरोबर आणि यंत्रांबरोबर ती आपल्याकडे आली. आमच्या दुकानात अजून जुने मिस्त्री सुताच्या मापात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; अर्ध्या इंचाचा तो चार सुती बोल्ट. ड्रॉइंगच्या वर्गात लक्ष्मणराव जे शिकवत होते ते मूलतः हेच: वस्तू हातात येण्याआधी कागदावर मापासह उतरवायची, म्हणजे ती शंभरदा तशीच करता येते.

आता सायकलीकडे वळू. १८८८ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईत आणि त्यांचे थोरले बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सगळे रामूअण्णा म्हणत, ते बेळगावात. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. दुकानावर पाटी किर्लोस्कर ब्रदर्स. अमेरिकेत राइट बंधूंनी सायकलीचे दुकान काढले ते १८९२ साली, म्हणजे आमच्या बेळगावकर बंधूंनंतर. हे वाक्य लिहिताना मला थोडा गर्व वाटतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा. रामूअण्णांविषयी मात्र एक तक्रार आहे. चरित्रात त्यांना नेहमी दोन ओळी मिळतात. दुकान ज्याने उघडले, गिऱ्हाईक ज्याने सांभाळले, उधारी ज्याने वसूल केली, तो मनुष्य वाणिज्याच्या विद्यार्थ्याला दोन ओळींचा वाटत नाही. ‘ब्रदर्स’ या अनेकवचनात तो उभा आहे.

सायकल ही वस्तू मुळात आट्यांवर उभी असते. तिच्यात लाकूड नाही, गारा नाही, चिकटवणे नाही. चाक, कणा, पायडल, हँडल सर्व चाक्यांनी आवळलेले. आजच्या सायकलीचे डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, कारण पाय मारता मारता ते सैल होऊन गळू नये. ज्याने दहा वर्षे सायकली खोलल्या आणि जोडल्या त्याच्या बोटांना एक ज्ञान होते, ते कोणत्या वर्गात मिळत नाही. सैल बोल्ट आवाजावरून कळतो. फार आवळलेला बोल्ट तुटण्याआधी हाताला मऊ लागतो. मला दुकानात आधी वाटे की बोल्ट म्हणजे जाड खिळा. तसे नसते, हे एका वृद्ध मिस्त्रींनी समजावले. खिळा लाकडाच्या तंतूंना बाजूला सारून आत घुसतो आणि ते तंतू त्याला दाबून धरतात. लाकूड सुकले की पकड ढिली होते. स्क्रू आपल्या आट्यांनी लाकडाला चावून बसतो, म्हणून तो उपटून येत नाही, पिळूनच काढावा लागतो. बोल्ट या दोघांहून निराळा. चाकी आवळली की तो केसभर ताणला जातो, रबरासारखा, आणि परत आखडू पाहतो. त्या आखडण्याने दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात. म्हणजे बोल्टची पकड त्याच्या जाडीत नसून त्या ताणात असते. रिव्हेट एकदा ठोकली की कायमची. ती काढायची तर डोके छिलावे लागते. जे पुन्हा उघडायचे आहे तिथे बोल्ट, जे उघडायचेच नाही तिथे रिव्हेट.

मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणरावांना बढतीची आशा होती. ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. आजच्या भाषेत सांगायचे तर पगारी, सुरक्षित, शिक्षकाची नोकरी. तिच्यावर पाणी सोडून छोट्या गावातल्या दुकानात भावाबरोबर बसायचे. आमच्या वर्गातले बहुतेक जण सध्या बँकांच्या परीक्षांचे अर्ज भरत आहेत, मीही भरला आहे. आमच्या घरी जर कोणी असे केले असते तर काय झाले असते याची कल्पना मी करून पाहिली, आणि काशिनाथपंतांच्या घराविषयी माझा आदर वाढला.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे करायला घेतली. यंत्र साधे, जनावरांच्या वैरणीचे बारीक तुकडे करणारे. त्यापाठोपाठ १९०३ साली लोखंडी नांगर. त्याच वर्षाच्या मे महिन्यात त्यांचा मुलगा शंतनू सोलापुरात जन्मला, तेच पुढचे शंतनुराव.

नांगर तयार झाला, परंतु विकला जाईना. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती असे सर्व चरित्रकार सांगतात. सांगताना त्यांच्या सुरात थोडे हसू असते. अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक अशी ती मांडणी. मला ही मांडणी पटत नाही, आणि न पटण्याचे कारण मी जामसांवलीत पाहिले आहे.

जामसांवली हे गाव मध्य प्रदेशातले, सौंसर तालुक्यातले. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून त्या जिल्ह्यात आहे. आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक असेल, पण त्या भागात घराघरांत मराठी बोलतात आणि कचेरीत हिंदी. आपल्या बेळगावसारखीच दोन भाषांची वहिवाट. तिथला निजलेला हनुमान प्रसिद्ध आहे, शनिवारी-मंगळवारी रीघ लागते. माझी मावशी त्या गावात दिलेली. काकांची संत्र्यांची बाग आणि थोडे कोरडवाहू. गोठ्याच्या मागे त्यांच्या वडिलांच्या वेळचा लाकडी नांगर अजून टेकून ठेवलेला आहे आणि त्याच्या शेजारी एक लोखंडी नांगर, गंजून तांबडा झालेला.

दोन्ही एकत्र पाहिले म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. लाकडी नांगरात लोखंड म्हणून काय ते फाळ आणि तो धरून ठेवणारी कडी. बाकी सगळे बाभळीचे. खोड, त्यात बसवलेला लांब दांडा, धरायचे रुमणे. जोड सगळे पाचरीचे आणि खुंटीचे. चालता चालता नांगर ढिला झाला तर शेतकरी वाकतो, बांधावरचा दगड उचलतो, पाचरीवर दोन घाव घालतो आणि बैलांना पुन्हा हाक देतो. पाचर हरवली तर कुऱ्हाडीने दुसरी पाडतो. मोठी मोडतोड झाली तर गावात सुतार आहे, लोहार आहे. त्यांना खळ्यावर बलुते द्यायचे असते, रोकड नाही. म्हणजे या नांगराची सगळी दुरुस्ती गावाच्या शिवेच्या आत होत होती.

लोखंडी नांगराचे तसे नाही. त्याचा फाळ, माती उलटवणारा वाकडा पत्रा, सांगाडा, दांडा हे सगळे बोल्टांनी जोडलेले. फाळाचे बोल्ट तर खास असतात. त्यांचे डोके सपाट, फाळाच्या भोकात पूर्ण बुडालेले, म्हणजे माती अडत नाही. आणि डोक्याखालची मान चौकोनी, म्हणजे मागून चाकी आवळताना बोल्ट जागच्या जागी फिरत नाही. फार शहाणपणाची रचना आहे. परंतु असा एक बोल्ट ऐन पेरणीच्या तोंडावर तुटला तर? दगडाने ठोकून चालत नाही. कुऱ्हाडीने पाडता येत नाही. गावच्या लोहाराकडे आटे पाडायची डाय नसते. मग तालुक्याच्या गावी जायचे, आणि तिथे मिळाला तर रोख पैसे मोजून आणायचा. दोन आण्यांच्या चाकीसाठी ओल निघून जाणार. कर्जाने घेतलेला नांगर, उभे बैल, आणि वरून सुकत चाललेली जमीन.

१९०३ सालच्या शेतकऱ्याने हे सगळे शब्दांत मांडले असेल असे मी म्हणत नाही. जमीन विषारी होते ही गोष्ट खोटीच होती. पण त्या खोट्या गोष्टीच्या पोटात एक खरी भीती असावी असे मला वाटते. हा नांगर माझ्या हातात राहणार नाही, त्याची नाडी दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानात राहील, ही ती भीती. आजही ट्रॅक्टरचा एखादा सुटा भाग मिळाला नाही म्हणून चार दिवस बसून राहिलेला शेतकरी मला दुकानात भेटतो, आणि त्याला कोणी अडाणी म्हणत नाही.

लक्ष्मणरावांचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी शेतकऱ्यांशी वाद घातला नाही, नांगर सुधारत राहिले. लोखंडी नांगराचे काम असे होते की ते एकदा पाहिले की पुरे. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. लाकडी नांगर वरवर रेघ ओढतो, मुळे खाली तशीच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पालथी करतो, मुळे उन्हात पडून वाळतात. ज्याने हरळीने गेलेले रान पुन्हा पिकताना पाहिले त्याला विषाची गोष्ट सांगून उपयोग नव्हता. दुसरे असे की ड्रॉइंगच्या मास्तराचा नांगर होता तो. साच्यातून निघालेला दुसरा फाळ पहिल्यासारखाच. त्याची भोके त्याच जागी, बोल्ट त्याच मापाचा. अशा मालाचा सुटा भाग दुकानात ठेवता येतो. जो माल प्रत्येक वेळी निराळा होतो त्याचा सुटा भाग ठेवताच येत नाही, आणि सुटे भाग मिळाल्याशिवाय यंत्रावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. धंद्याची ही बाजू आम्हाला पुस्तकात विक्रीनंतरची सेवा या मथळ्याखाली अर्ध्या पानात शिकवतात.

नांगर हळूहळू खपू लागला आणि तेवढ्यात नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी जागा हवी होती आणि कारखाना नेमका त्या जागेत. हलवणे भाग पडले. जम बसत आलेल्या माणसाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली गेली. आज त्याच बेळगावात किर्लोस्कर रोड आहे आणि त्यावरून आपण रोज जातो. असो.

मदत आली ती औंधच्या राजेसाहेबांकडून. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. औंध येथे मंडपाचे एक बांधकाम लक्ष्मणरावांनी अंगावर घेतले होते, त्या निमित्ताने त्यांचे काम राजेसाहेबांनी पाहिले होते. राजेसाहेबांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि संस्थानात जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनजवळचे बत्तीस एकर माळरान निवडले. निवडुंगाचे रान आणि नागांचा सुळसुळाट, अशी त्या जागेची ख्याती. स्टेशन जवळ हा एकच गुण. पण लोखंड आणि कोळसा आणायचा आणि नांगर धाडायचे, तर तो एक गुण बाकीच्या सगळ्या अवगुणांना पुरून उरणारा होता. १९१० साली तिथे वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी, आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे, आणि स्टेशनचे नावही बदलून तेच झाले आहे.

माळरानावर वसाहत करायची म्हणजे आधी छपरे. त्या दिवसांचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दुकानातले खण येतात: छपराला कैची हवी, कैचीला बोल्ट हवेत, वाशांना खिळे, दारांना बिजागऱ्या, बिजागऱ्यांना स्क्रू, कडी-कोयंडे. जवळपास दुकान नाही. जे लागेल ते आणायचे किंवा करायचे. बरोबरची माणसेही मोठी जिद्दीची होती. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी ही त्यांतली काही नावे. कोणी यंत्रे सांभाळली, कोणी हिशेब, कोणी व्यवस्था. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमले, ज्यांना इतरत्र कोणी दारात उभे केले नसते. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही हा नियम केला. १९१० सालच्या माळरानावर, जिथे पाण्याची विहीर एकेक असते, तिथे हा नियम पाळणे किती अवघड असेल याचा आपण विचार करावा.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येणे थांबले, त्यामुळे मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसा येणेही अवघड झाले. गिऱ्हाईक दारात आणि कच्चा माल नाही, व्यापाऱ्याला याहून वाईट अवस्था नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या, निकामी तोफा लक्ष्मणरावांना वितळवायला दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. या प्रसंगावर कोणाही वक्त्याला तलवारीचा फाळ होण्यावर दहा मिनिटे बोलता येईल. मला त्यातला व्यवहार आवडतो. तोफ म्हणजे एकाच ठिकाणी साठलेले पुष्कळ बीड. ते कुजत ठेवण्यापेक्षा भट्टीत घालणे हे शाहू महाराजांनाही पटले आणि लक्ष्मणरावांनाही.

पुढची हकीकत भराभर सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले; मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. नांगरामागून भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, उसाचा चरक, पंप, लोखंडी सामान. शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले. १९४६ साली पुण्यात तेलाच्या इंजिनांचा कारखाना आणि बंगळूरात विजेच्या मोटारींचा.

यांच्या आधीचा एक कारखाना मात्र मला भराभर ओलांडवत नाही, तो हरिहरचा. १९४१ साली तुंगभद्रेच्या काठी मैसूर किर्लोस्कर या नावाने तो निघाला आणि तिथे लेथ होऊ लागले. लेथ म्हणजे सर्व बोल्टांची आई. लोखंडाची कांब फिरत राहते, धारदार हत्यार तिच्याबरोबर ठरलेल्या वेगाने सरकते आणि आटा कातला जातो. हत्यार जो स्क्रू सरकवतो तो आधीच तंतोतंत असावा लागतो, म्हणजे चांगला स्क्रू करायला चांगला स्क्रू लागतो. कोंबडी आधी की अंडे आधी, त्यातला हा प्रकार. मुंबईच्या वर्गात फळ्यावर आटे काढून दाखवणाऱ्या मास्तरांच्या नावाच्या कारखान्यात, पन्नास वर्षांनी, आटे पाडणारे यंत्रच होऊ लागले. बेळगाव-उद्यमबागेतल्या जुन्या मिस्त्रींना हरिहरचा लेथ विचारा. नाव काढताच चेहरा बदलतो. तो कारखाना पुढे बंद पडला. यंत्रे मात्र अजून कुठे कुठे फिरत आहेत, आणि हरिहरमध्ये ती करणाऱ्यांत कन्नड, मराठी दोन्ही बोलणारे हात होते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. वय सत्त्याऐंशी. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

ते गेले त्याच १९५६ साली आपल्या देशात वजनेमापांचा नवा कायदा झाला आणि शेर, मण, इंच, फूट यांच्या जागी ग्रॅम आणि मीटर आले. बोल्टांनाही ते हळूहळू लागू झाले. आता कोन साठ अंशांचा, माप मिलिमीटरमध्ये, आटेही त्या हिशेबाने. आमच्या दुकानात नव्वद टक्के खण आता मिलिमीटरचे आहेत. इंची बोल्टांचा एक डबा मालकांनी खाली, पायरीजवळ ठेवला आहे. तो महिनोन् महिने कोणी उघडत नाही, आणि दर वर्षी मोजदाद करताना मला प्रश्न पडतो की याची किंमत पत्रकात कोणती धरावी.

जामसांवलीच्या लोखंडी नांगराला एक चाकी नव्हती. ट्रॅक्टर जिथे फिरत नाही अशा बागेच्या कोपऱ्यात बैलांनी नांगरण्यासाठी तो पुन्हा वापरावा असे काकांच्या मनात गेल्या उन्हाळ्यात आले. सौंसरच्या बाजारात त्यांना बारा मिलिमीटरची चाकी मिळाली, ती चढेना. चौदाची आणली, ती नुसतीच फिरू लागली. मी बोल्ट मोजला, तो बरोबर चार सुती निघाला. बेळगावला आल्यावर पायरीजवळच्या डब्यातून मी सहा चाक्या आणि तितकेच वॉशर काढले, माझ्या नावे लिहिले, आणि पार्सलने धाडून दिले. काकांचा फोन आला की पाच दिवसांत पोहोचले आणि हाताने चढले, पाना शेवटच्या दोन फेऱ्यांनाच लागला. उरलेल्या चाक्या त्यांनी गोठ्याच्या खुंटीला तारेत ओवून टांगल्या आहेत.